सात घरचा चहा

माझ्या वडलांना कुणीही चहा द्यायचा नाही, असं मी आमच्या गावाला बजावलं होतं. गावानं ते तंतोतंत पाळलं. आयुष्यात माझं एवढं कुणी ऐकलेलं नाही, आणि जे ऐकायला नको होतं तेच नेमकं ऐकलं.

मी नर्स आहे. अंबाजोगाईला एका दवाखान्यात बीपी आणि शुगरच्या पेशंटांची खोली आहे, तिथं बसते. सतरा वर्षं झाली. केजकडून, तेलगावकडून, कुठून कुठून म्हातारी माणसं येतात, समोरच्या स्टुलावर बसतात आणि माझ्याशी खोटं बोलतात. "आजोबा, चालायला जाता का?" "जातो की." "कुठवर?" "आता न्हाई का आलो, स्टँडापासून इथवर." "भात बंद केला?" "कवाच." "मग रात्री काय खाल्लं?" "खिचडी." हसू येतं, पण मी हसत नाही. एकदा हसलं की ते आपल्याला घरातली लेक समजतात आणि लेकीचं कुणी ऐकत नाही. माझं तोंड तिखट आहे. बाकावरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात, "बाई कडक हाय बरं." मला ते आवडायचं. खरं सांगायचं तर फार आवडायचं.

तर अशी मी, आणि माझ्याच बापाची शुगर साडेतीनशे निघाली. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पायाला मुंग्या येतात म्हणून मी त्यांना ओढत दवाखान्यात नेलं होतं. रिपोर्ट हातात आल्यावर मी त्यांच्याकडं बघितलं, तर ते भिंतीवरचा फळांचा तक्ता वाचत बसले होते. म्हणाले, "ह्यात सीताफळ लाल रंगात लिवलंय. कावून?" बालाघाटातल्या माणसाला सीताफळ बंद, हे त्यांना शुगरपेक्षा मोठं वाटलं.

वडलांना मी दादा म्हणायचे. ते पोस्टमन होते. आमचं गाव युसूफ वडगावकडच्या रस्त्याला फाट्यावरून आत आहे. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, विहार, लिंबाचं एक मोठं झाड. वरच्या अंगाला वरची आळी. दादा ऐन तरुणपणी पोस्टात लागले. खाकी कपडे, टोपी आणि खांद्याला पिशवी. आमच्या वस्तीतला माणूस वरच्या आळीत रोज, भरदिवसा, ताठ मानेनं, घरोघर जायला लागला तो असा. पत्र द्यायचं म्हणजे जावंच लागणार. रिटायर झाले तरी त्यांची फेरी सुटली नाही. आई गेली, मी अंबाजोगाईला, भाऊ पुण्याला, आम्ही दोघं त्यांना ओढत होतो, पण ते म्हणायचे, "माझी फेरी हाय हितं." पिशवी नाही, पत्रं नाहीत, पण सकाळी आठला टोपी घालून निघायचे आणि साडेदहाला परत यायचे. पिठाच्या गिरणीपासून शेवटच्या माळवदाच्या घरापर्यंत. त्यांना चालायला सांगावं लागणार नव्हतं. माझ्या सगळ्या पेशंटांत असा पेशंट मला मिळाला नव्हता.

मी घरातली साखर काढली. गूळ काढला. भिंतीवर कागद चिकटवला: सकाळी आठला गोळी, मग ज्वारीची भाकरी, पालेभाजी, रात्री आठला गोळी, हलकं जेवण. त्यांनी सगळं ऐकलं. बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं न करता प्यायले. दर रविवारी मी स्कूटीवर जायची, डबे उघडून बघायची, पिशव्या हुंगायची. कुठं काही सापडायचं नाही. आणि तीन महिन्यांनी तपासलं तर शुगर जिथल्या तिथं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे मला कळत होतं. कुत्रं कुठं बसलंय ते कळत नव्हतं.

मग एकदा मी रजा टाकली आणि न सांगता सकाळीच गावात गेले. गिरणीजवळ स्कूटी लावली आणि लांबून त्यांच्या मागं चालले. बापाच्या मागं चोरासारखं चालताना मला जरासुद्धा लाज वाटली नाही, उलट मजा वाटत होती. गिरणीवाल्याकडं एक कप. त्याच्या शेजारी एक कप. मग चौकातल्या घरी, मग त्याच्या समोर. मी मोजत होते. शेवटच्या माळवदाच्या घरापर्यंत सात घरं झाली, सात कप, आणि आमच्याकडचा चहा म्हणजे पाक. त्या शेवटच्या घरातून ते बाहेर आले तेव्हा मी दारातच उभी होते.

"सात!" मी म्हणाले. "सात घरं, सात कप! मी तिकडं गोळ्या वाढवतेय आणि तुम्ही इकडं साखर!"

ते दचकले आणि मग हसले, चोरी पकडल्यावर शाळेतली पोरं हसतात तसे. म्हणाले, "आगं माय, अर्धा अर्धाच आस्तो."

"नको म्हणता येत नाही? तोंड नाही का तुम्हाला?"

"ह्या घरांत नको म्हणायचं नस्तं," ते म्हणाले. एवढंच. मी विचारलं नाही, का. मी ऐकलंसुद्धा नाही धड. मला वाटलं, हा सगळ्याच पेशंटांचा बहाणा असतो. पाहुण्यानं आग्रह केला, यजमानाला वाईट वाटतं, वगैरे वगैरे. त्यावरचं उत्तर मला पाठ होतं.

आता इथं मला एक सांगावं लागेल, आणि हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. मला ते 'का' माहीत होतं. लहानपणी शंभर वेळा ऐकलेलं होतं.

दादा पोस्टात लागले तेव्हा वरच्या आळीत ते दारात उभे राहून नाव पुकारायचे. आतून कुणी तरी यायचं, म्हणायचं, "ठेव तितं." ते ओट्यावर पत्र ठेवायचे, मागं सरायचे, मग ते उचललं जायचं. कधी पावसात भिजून गेले तर चहा मिळायचा. शेवटच्या त्या माळवदाच्या घरी, दारातून आत गेलं की बसायउठायची ढाळज आहे. तिच्या बाहेरच्या भिंतीत एक देवळी, आणि देवळीत कान तुटलेला एक कप उपडा. तो कप आपण घ्यायचा, पुढं धरायचा, वरून चहा ओतला जायचा. पिऊन झालं की आपणच धुवायचा आणि आपणच परत उपडा ठेवायचा. पोस्टमनचा कप. गड्याचा वेगळा, बैलाचं पाणी वेगळं, पोस्टमनचा कप वेगळा.

मग त्या घरात नवी सून आली. आज तिला सगळं गाव काकू म्हणतं. तिला वाचता यायचं नाही. एकदा तिच्या माहेराहून पत्र आलं. सासरच्या कुणाला वाचायला सांगायची तिला भीती वाटत असावी. घरात पुरुषमाणूस नव्हतं, तिनं दादांनाच ढाळजेत बोलावलं आणि पत्र वाचून घेतलं. तिच्या आईचं दुखणं बरं झालं होतं. ती रडली, आत गेली आणि घरातल्या कपबशीत चहा घेऊन आली. दादांच्या हातात दिला. सासू आतल्या दारात उभी राहून बघत होती, पण बोलली नाही. त्या दिवशी संध्याकाळी दादांनी आईला हे सांगितलं. आईची जीभ माझ्यासारखीच. ती म्हणाली, "कपाचं लई सांगितलं. चहा कसा व्हता?" दादा बराच वेळ आठवत बसले आणि म्हणाले, "ध्यानात न्हाई गं." ही आमच्या घरातली आवडती गोष्ट होती. आई ती सणासुदीला सांगायची आणि आम्ही भावंडं दरवेळी हसायचो.

पहिलं घर ते. मग गिरणीवाल्याचं. मग एकेक करत सात. त्याला वर्षं लागली. सगळ्या आळीत सातच घरं झाली, पण झाली. त्या सात घरांतला चहा म्हणजे काय होतं हे मला माहीत होतं. आणि तरी सात कप बघितल्यावर मला त्यात फक्त चौदा चमचे साखर दिसली. शिकून शिकून माणूस किती आंधळं होतं त्याचा मी नमुना आहे.

त्याच दिवशी, दादांना वस्तीत सोडून, मी परत वर गेले आणि सातही घरं फिरले. गिरणीवाल्याला म्हणाले, "माझ्या वडलांना चहा द्यायचा नाही. एक घोटही नाही. पाय कापायची पाळी येईल, मग तुम्ही येणार का उचलायला?" ही माझी नेहमीची ओळ. ती ऐकली की माणसं गार होतात. गिरणीवाला तर हातच जोडायला लागला. "बरं झालं सांगितलंत मॅडम. आमी आपलं मायेनं द्यायलो." त्यानं माझ्यासमोर मोबाईल काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं: पोस्टमन यांना कोणीही चहा देऊ नये, हुकुमावरून. खाली लगेच अंगठे पडायला लागले. मी हसले. मी त्याला म्हणाले, "जित्याची खोड आहे हो, मेल्याशिवाय जायची नाही, लक्ष ठेवा." चारचौघांत, गिरणीवर, मी हे बोलले.

शेवटी काकूकडं गेले. काकू तेव्हा सत्तरीची, स्वतः बीपीची पेशंट, माझ्याच खोलीत यायची. ती म्हणाली, "मंग बिनसाखरेचा देऊ का गं? नुस्ता हातात काय तरी नको?"

मी म्हणाले, "नको. आज बिनसाखरेचा, उद्या चिमूटभर, परवा चमचा. मला माहितीये. एकदा तोडायचं ते तोडायचं."

"आगं पण बसल्यावर समदे घ्यायलेत आन् त्यो एकटा..."

"काकू, त्यांना जगवायचंय का नाही?"

मला अर्धवट काही जमत नाही, हा माझा गुण म्हणून मी मिरवत आले होते. तिनं माझ्यासमोर उघडं ठेवलेलं दार मीच आपटून लावलं.

पुढच्या तपासणीला शुगर खाली आली. दीडशेच्या आत. मी रिपोर्टचा फोटो भावाला पाठवला. खोलीत येणाऱ्या पेशंटांना मी आमच्या गावाची गोष्ट सांगायला लागले: बघा, माझ्या गावानं एकजुटीनं एका म्हाताऱ्याची शुगर उतरवली, तुमच्या घरच्यांना एवढं जमत नाही का? लोक माना डोलवायचे. दादांना मी फोनवर विचारायची, "फेरी चालू आहे ना?" "चालू हाय." "चहा?" "कुणी देतच न्हाई, कुठला पिऊ?" आणि हसायचे. त्या हसण्यात मला काही ऐकू आलं नाही.

मग दिवाळीच्या जरा आधी त्यांचा गुडघा दुखायला लागला. फेरी बंद. मी गुडघ्याला घालायचा पट्टा आणला, मऊ तळव्याचे बूट आणले. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले गुडघ्यात तसं काही नाही. मी दादांना म्हणाले, "मग वर नका जाऊ चढावर. विहाराला दहा फेऱ्या मारा सकाळी." त्यांनी मारल्या. आठवडाभर. पुढच्या रविवारी मी गेले तर बूट खोक्यात परत घालून ठेवलेले.

"काय झालं?"

"घाण्याच्या बैलावाणी वाटतं गं," ते म्हणाले. "कुठं जायचंच न्हाई तर चालायचं कावून?"

मी चिडले. मी म्हणाले, "आरोग्यासाठी चालायचं. लोक पैसे भरून चालतात." ते म्हणाले, "बरं, चालतो." आणि मी फोन केला की सांगायचे, चालून आलो. माझ्याशी खोटं बोलणाऱ्या म्हाताऱ्यांच्या रांगेत माझा बाप येऊन बसला आणि मी त्याला ओळखलं नाही. ज्याला आयुष्यात धड खोटं बोलता आलं नाही तो माणूस मला रोज सकाळी फोनवर विहाराच्या दहा फेऱ्या सांगत होता.

त्यांची भूक कमी झाली. टोपी खुंटीला लागली ती लागलीच. मी रविवारी गेले की लिंबाखाली बाजेवर बसलेले असायचे. वरच्या आळीतलं काही विचारलं तर म्हणायचे, "समदे मजेत हायत." मी त्यांच्या बारीक झालेल्या मनगटाकडं बघून म्हणाले होते, "वजन उतरलं, छान." देवाशपथ असं म्हणाले होते मी.

कापूस वेचणीच्या दिवसांत आमची वस्ती सकाळी रिकामी होते. त्या दिवशीही होती. दादांनी रात्री काही खाल्लं नव्हतं, सकाळीही नाही. पण भिंतीवर माझा कागद होता, त्यात आठला गोळी लिहिलेली. त्यांनी आठला गोळी खाल्ली. ते माझ्या कागदाच्या बाहेर जाणारे नव्हतेच. साडेनऊ-दहाच्या सुमाराला शुगर पार खाली गेली असणार. अंगणात पाण्याला उठले आणि पडले. दुपारी शेजारीण जेवणाचं फडकं विसरलं म्हणून घरी आली तेव्हा तिला दिसले. दवाखान्यात आणलं तेव्हा शुगर चाळीस होती आणि खुब्याचं हाड मोडलेलं.

पूर्वी साडेआठला पोस्टमन गिरणीवर आला नाही तर गिरणीवाला पोरगं धाडायचा, "बघ रे, काय झालं." एकदा ताप होता तेव्हा काकूनं सालगड्याच्या हाती निरोप पाठवला होता. पण आता पोस्टमनची कुणी वाट बघत नव्हतं. आणि ज्या वेळी ते अंगणात पडले होते त्या वेळी, एरवी, ते काकूच्या ढाळजेत असते आणि त्यांच्या हातात गोड चहाचा कप असता. शुगर अशी उतरली तर पहिलं काय द्यायचं, हे मी रोज दहा जणांना शिकवते. अर्धा कप गोड चहा.

ऑपरेशन झालं, पण ते उठले नाहीत. मी त्यांना अंबाजोगाईला माझ्या घरी आणलं. अडीच महिने. कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, भरवायचं. त्या दिवसांत मी ओरडले नाही त्यांच्यावर, म्हणजे फारशी नाही. एके दिवशी मी गोळी कुटून पाण्यात कालवत होते तर त्यांनी विचारलं, "त्या येळंला तू समद्या घरी गेलतीस ना? चहाचं सांगायला?"

"गेले होते की."

"काय म्हणून सांगितलंस?"

"काय म्हणून म्हणजे? शुगर आहे म्हणून."

"आन् ते काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

"शुगरचंच म्हणाले ना?"

"मग दुसरं कशाचं म्हणतील?" मी म्हणाले. "तोंड उघडा."

त्यांनी तोंड उघडलं. आठवड्याभरानं पुन्हा तेच विचारलं, शब्दही तेच. म्हातारपणात असं होतं, एकच गोष्ट डोक्यात फिरत राहते, मी रोज बघते. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी कामावरून दमून आले होते. मी म्हणाले, "दादा, किती वेळा तेच तेच? सांगितलं ना एकदा!" त्यावर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आणि नंतर कधी विचारलं नाही. पुढं छातीत कफ झाला. थंडी सरता सरता ते गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गावात केला, आमच्या अंगणात. वंदना झाली, चार माणसं बोलली. वरच्या आळीतलीही आली होती, खुर्च्यांवर बसली. गिरणीवाला डोळे पुसत होता. सगळे गेल्यावर काकू राहिली. गुडघे धरत उठली आणि मी स्वयंपाकघरात होते तिथं आली. तिला तिथं बघून मला चमत्कारिक वाटलं, कारण ती आमच्या घरात याआधी कधी आलेली नव्हती.

तिनं मला सांगितलं ते असं. दिवाळीच्या आधी तिच्या सुनेच्या माहेरचे आले होते. ढाळजेत सात-आठ माणसं बसलेली. दादा नेहमीसारखे आले, काकू म्हणाली, "ये पोस्टमन, बैस." बसले. सुनेनं ट्रे आणला. एकेकाला देत आली आणि दादांच्या पुढून तशीच गेली. रोज जात होती तशीच. सुनेच्या मामानं ते बघितलं. त्याला दादा कोण ते ठाऊक होतं. तो म्हणाला, "वा, तुमी अजून पाळताव म्हणायचं. बरं हाय."

"मी म्हणलं, न्हाई हो, त्यांना शुगर हाय, लेकीनं चहा बंद केलाय," काकू म्हणाली. "तर त्यो हसला. म्हणाला, आता आसंच काय तरी नाव द्यावं लागतं."

"आणि दादा?"

"कायच न्हाई. मी सुनेला म्हणलं, जा, एक कप आण, बिनसाखरेचा आण. तर ती म्हणाली, मॅडमनी बिनसाखरेचा बी न्हाई सांगितलाय. तवर त्यो उठलाच. टोपी घातली. 'येतो वैनी' म्हणाला. रोज म्हणायचा तसंच म्हणाला."

मी तिला म्हणाले, "मला का नाही सांगितलं? तीनदा आलात दवाखान्यात, बीपी मोजून घेतलंत. तोंड उघडता आलं नाही?"

"लाज वाटली," ती म्हणाली. मग म्हणाली, "आन् तू लई रागाची."

मला तिला ढकलून बाहेर काढावंसं वाटलं. त्या मामाला शोधून काढावं, त्याच्या दारात जाऊन ओरडावं असं वाटलं. पण ट्रे दादांच्या पुढून नेणारा हात त्याचा नव्हता, सुनेचाही नव्हता. माझा होता.

थोड्या वेळानं काकू म्हणाली, "मला चहा टाक." आणि मग, माझ्याकडं न बघता, "त्यानं आमच्यात येवढी वर्सं घेतला. मी तुमच्यात कधी आलेच न्हाई. कुणी नको म्हणलं नव्हतं. पण आले न्हाई."

मी चहा टाकला. मी साखर विचारली नाही, दोन चमचे घातली. आमच्या कपबशीत दिला. ती पाट ओढून खाली बसली आणि बशीत ओतून सगळा प्यायली. मग कप घेऊन उठली, मोरीवर गेली, कप धुतला, बशी धुतली, आणि कट्ट्यावर कप उपडा ठेवला. पाहुण्याला कप धुवू देत नाहीत आमच्यात. पण मी तिला धुवू दिला. मी जागची हलले नाही.

मी अजून त्याच खोलीत बसते. म्हातारे अजून खोटं बोलतात. चहा बंद करा म्हणायच्या आधी मी आता विचारते, चहा कुणाकडं घेता, किती वर्षांपासून घेता. मागचे पेशंट कटकट करतात, वेळ लागतो म्हणून. लागू दे. बिनसाखरेचा घ्या म्हणते, पण हातात कप असू द्या म्हणते. बायका म्हणतात, बाई आता पहिल्यासारखी कडक राहिली नाही.

पण दादांचं ते तीन वेळचं विचारणं डोक्यातून जात नाही. त्यांना खात्री करून घ्यायची होती. सात घरं एकाच दिवशी चहा द्यायची थांबली, ती माझ्या सांगण्यावरून थांबली की वाटच बघत होती, एवढं त्यांना जाता जाता कळायला हवं होतं. ते सांगू शकणारी जगात मी एकटी होते, आणि मी म्हणाले, किती वेळा तेच तेच.

शुगरचंच म्हणाले होते, दादा. सातही घरांत मी स्वतः गेले होते. शुगरचंच म्हणाले होते.